पटावरचे मूल आणि पाठातले मूल

चांदूर बाजार तालुक्यातील माधान हे गाव ज्यांच्यामुळे वऱ्हाडाबाहेर ठाऊक झाले, त्या प्रज्ञाचक्षू गुलाबराव महाराजांची दृष्टी वयाचे वर्ष पुरे होण्याच्या आतच गेली होती. १८८१ साली जन्मलेल्या आणि १९१५ साली, अवघ्या चौतिसाव्या वर्षी निवर्तलेल्या या पुरुषाच्या नावावर शंभराहून अधिक ग्रंथ आहेत, आणि त्यामुळे आमच्या भागात त्यांचा विषय निघाला की प्रज्ञेचा, पूर्वपुण्याईचा आणि ईश्वरी कृपेचा निर्वाळा देऊन माणसे मोकळी होतात. शिक्षकाच्या पेशात केस पांढरे झालेल्या माझ्यासारख्याच्या मनात मात्र या कौतुकाशेजारी एक रुक्ष प्रश्न उभा राहतो : त्यांना वाचून कोणी दाखविले? हिंदुस्थानातील अंधांची पहिली शाळा अमृतसरला निघाली ती १८८७ साली, म्हणजे महाराज सहा वर्षांचे असताना, आणि तिची वार्ताही माधानपर्यंत पोचली असण्याचा संभव नाही; भारतीय भाषांसाठी एकच अशी भारती ब्रेल लिपी ठरली ती १९५१ साली, त्यांच्या पश्चात छत्तीस वर्षांनी. तेव्हा जे काही त्यांनी जाणले ते कानांनी जाणले, आणि कानांनी जाणावयाचे तर पोथ्या मिळविणारे, त्या शब्दशः वाचणारे आणि पुढे त्यांच्या मुखातून निघालेले उतरून घेणारे डोळस सोबती असणे अपरिहार्य होते. त्या सोबत्यांच्या श्रमाचा हिशेब आम्ही फारसा ठेवला नाही. अपंग विद्यार्थ्याला सर्वसाधारण वर्गात घेऊन शिकविण्याचा जो विषय आज ‘समावेशित शिक्षण’ या नावाने शासकीय परिपत्रकांत आलेला आहे, तो माझ्या समजुतीप्रमाणे मूलतः या सोबत्यांचा, म्हणजेच वाचण्याच्या, सांगण्याच्या आणि लिहून घेण्याच्या नित्याच्या कामाचा विषय आहे. दयेचा संबंध त्यात येतो तो फार पुढे, आणि आला नाही तरी चालते.

आमच्या प्रांतात दयेचा तुटवडा कधीच नव्हता. अंजनगाव सुर्जीजवळच्या शेंडगावी जन्मलेल्या गाडगेबाबांच्या नावाने प्रसिद्ध असलेली दशसूत्री धर्मशाळांच्या आणि कार्यालयांच्या भिंतींवर लावलेली असते. ती जरा सावकाश वाचली तर असे दिसते की अंध, पंगू आणि रोगी यांच्या वाट्याला तीत औषधोपचार आलेले आहेत, आणि शिक्षणाचे सूत्र वेगळे असून ते गरिबांच्या मुलामुलींसाठी आहे. हा दोष काढण्याचा भाग नव्हे. ज्या काळात अपंगाला देवळाच्या पायरीखेरीज जागा नव्हती, त्या काळात औषधाची गोष्ट बोलणे हेच मोठे धाडस होते, आणि १९४६ साली डॉ. शिवाजीराव पटवर्धनांनी अमरावतीनजीक कुष्ठरोग्यांसाठी तपोवन उभारले तेही त्याच धाडसाचे अपत्य होते. परंतु औषधाचे खाते एक आणि विद्येचे खाते दुसरे ही जी वाटणी लोकमानसात होती, तीच पुढे सरकारी दप्तरात जशीच्या तशी उतरली. अंध, मूकबधिर आणि मतिमंद मुलांच्या विशेष शाळा समाजकल्याणाच्या अखत्यारीत राहिल्या, सर्वसाधारण शाळा शिक्षण खात्याकडे राहिल्या, आणि डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्राने दिव्यांग कल्याणाचा स्वतंत्र विभाग काढला तेव्हा विशेष शाळांची दप्तरे एका कल्याण खात्यातून दुसऱ्या कल्याण खात्यात गेली. एकाच गल्लीतील दोन मुले दोन खात्यांची लाभार्थी आहेत, या वस्तुस्थितीचा आम्हांस अद्याप विस्मय वाटत नाही.

कायद्याची वाटचाल थोडक्यात सांगण्यासारखी आहे. अपंग मुलांना शक्य तेथे सर्वसाधारण शाळेतच शिकवावे असा विचार कोठारी आयोगाने १९६६ च्या अहवालात मांडला, १९७४ साली केंद्र सरकारने तशी योजना काढली, १९९५ च्या अपंग व्यक्ती अधिनियमाने सात प्रकारच्या अपंगत्वांना मान्यता दिली, आणि २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियमाने ती संख्या एकवीसवर नेली. या शेवटच्या कायद्यात समावेशित शिक्षणाची जी व्याख्या आहे तिचे दोन भाग आहेत : अपंग आणि अनपंग विद्यार्थ्यांनी एकत्र शिकणे हा पहिला, आणि अध्यापनाची व अध्ययनाची पद्धती त्या विविध गरजांना जुळेल अशी बदलणे हा दुसरा. व्याख्येच्या पूर्वार्धाची अंमलबजावणी पुष्कळशी झाली, कारण ती हजेरीपटावर दिसते आणि मोजता येते. उत्तरार्ध मात्र बंद वर्गात, तास चालू असताना, पार पडावयाचा असल्यामुळे त्याचा तक्ता कोणास भरता येत नाही.

खेड्यातला बाप मुलाला घेऊन जिल्हा परिषदेच्या शाळेत येतो तेव्हा त्याचीही मागणी या पूर्वार्धापुरतीच असते. “सर, बसू द्या त्याले नुसतं. शिकन नाई शिकन, घरी राहून तरी काय करन?” हे वाक्य अकोटपासून दर्यापूरपर्यंत मी इतक्या तोंडांतून ऐकले आहे की त्यातील नम्रता आता मला बोचते. सोयाबीनच्या सोंगणीला किंवा कापसाच्या वेचणीला आई-बाप दोघेही गेले म्हणजे मुलाकडे पाहणार कोण, हा त्यांचा प्रश्न खरा असतो, आणि शाळा निदान सावली व खिचडी देते हेही खरे. पण “नुसतं बसू द्या” या विनंतीला आम्ही शिक्षक ज्या तत्परतेने रुकार देतो, ती तत्परता मात्र संशयास्पद आहे. पटावर नाव चढते, मागच्या रांगेत जागा मिळते, स्वभावाने शांत असल्याचा शेरा प्रगतिपत्रकात पडतो, आणि आठवीपर्यंत ते मूल वर्षामागून वर्षे असे पुढे सरकत राहते की जणू पुस्तक उघडलेच नाही आणि पाने मात्र वाऱ्याने उलटत गेली.

या मुलाला पाठात घ्यावयाचे म्हणजे नेमके काय करावयाचे, याविषयी सामान्य वाचकाच्या आणि पुष्कळदा शिक्षकाच्याही मनात काही तरी अवघड, खर्चाचे, परदेशी यंत्रांनीच साधणारे चित्र असते. वस्तुतः आरंभ फार साधा आहे. गणिताच्या तासाला आम्ही फळ्याकडे तोंड करून, खडू आपटीत, “यातून हे वजा केले की हे उरते” असे म्हणतो. त्या वाक्यात तीन सर्वनामे आहेत आणि एकही संख्या नाही. ज्याला दिसत नाही त्याला त्यातून काहीच मिळत नाही, आणि शिक्षकाची पाठ वर्गाकडे असल्यामुळे, ज्याला कमी ऐकू येते व जो ओठांच्या हालचालींवरून शब्द ताडतो, त्यालाही काही मिळत नाही. “पंचविसातून आठ वजा केले की सतरा उरतात” हे वाक्य वर्गाकडे वळून उच्चारावयास एका पैचाही खर्च नाही आणि कोणत्याही कार्यालयाची मंजुरी लागत नाही. जे फळ्यावर लिहावयाचे ते लिहिता लिहिता मोठ्याने बोलावयाचे, नकाशा दाखविताना “इकडे” न म्हणता “पूर्वेला वर्धा नदी” असे म्हणावयाचे, आणि क्षीणदृष्टी मुलाला पहिल्या बाकावर बसविण्यापूर्वी त्या बाकावर आपण स्वतः क्षणभर बसून खिडकीचा उजेड फळ्यावर चमकतो की काय ते पाहावयाचे, या सवयी लावून घेण्यास मात्र वर्ष-दोन वर्षे लागतात, कारण बोलण्याची सवय मोडणे हे व्यसन मोडण्याइतकेच कष्टाचे असते.

अंध मुलाच्या लेखनाविषयी थोडे सविस्तर सांगितले पाहिजे, कारण परीक्षेतील सवलतींवर लोकांचा जो आक्षेप असतो त्याचे उत्तर त्यात आहे. ब्रेलमध्ये एका अक्षराचे घर सहा टिंबांचे असते, उभ्या दोन रांगा आणि प्रत्येकीत तीन, आणि त्यांच्या निरनिराळ्या जुळणीतून त्रेसष्ट खुणा तयार होतात. जाड कागद पाटीत अडकवून सळईने एकेक टिंब टोचावे लागते. उठाव कागदाच्या मागील बाजूस येत असल्याने लिहिणे उजवीकडून डावीकडे आणि वाचणे, कागद उलटून, डावीकडून उजवीकडे, अशी दुहेरी शिस्त मुलाच्या बोटांत मुरवावी लागते. ज्या मुलाने अमरावतीच्या डॉ. नरेंद्र भिवापूरकर अंध विद्यालयासारख्या संस्थेत ही शिस्त लहानपणी आत्मसात केली आहे, ते पुढे सर्वसाधारण महाविद्यालयातही टिकते. आणि जे गावच्या शाळेत नुसते ऐकत राहिले, त्याला दहावीपर्यंत स्वतःचे नाव कसे लिहितात हेही बोटांनी ठाऊक नसते. बोर्डाच्या परीक्षेत मिळणारी तासामागे वीस मिनिटांची जादा मुदत, किंवा खालच्या इयत्तेतील विद्यार्थी लेखनिक म्हणून घेण्याची मुभा, ही खैरात नव्हे. लेखनिक खालच्या इयत्तेचा असावा या अटीमागचा हेतूही उघड आहे, की ज्ञान परीक्षार्थीचे असावे आणि हात तेवढा लेखनिकाचा. पण उत्तर तोंडी सांगून दुसऱ्याकडून लिहवून घेणे ही स्वतंत्र विद्या आहे : परिच्छेद कोठे मोडावा, आकृतीचे वर्णन कसे करावे, अनोळखी शब्दाची जोडाक्षरे कशी फोडून सांगावीत, हे सारे आगाऊ शिकवावे लागते, आणि आमच्याकडे मुलाची व लेखनिकाची पहिली भेट पुष्कळदा परीक्षेच्या आदल्या दिवशी होते. आठवीपासून प्रत्येक चाचणीला लेखनिक देण्याची वहिवाट पाडली तर हा मामला कितीतरी सुकर होईल. ती पाडण्यास मुख्याध्यापकाच्या इच्छेखेरीज काही लागत नाही.

कर्णबधिर मुलांच्या बाबतीत माझे मत प्रचलित उत्साहाशी जुळत नाही, आणि ते मी येथे आडपडदा न ठेवता नमूद करतो. अंध मूल वर्गाच्या भाषेत असते, फक्त त्याला दृश्य नसते. जन्मतः बधिर मूल वर्गात असूनही भाषेच्या बाहेर असते. श्रवणयंत्र दिले म्हणजे प्रश्न मिटला असे समजणाऱ्यांनी जुलैच्या पावसात, पत्र्याच्या छपराखाली भरलेल्या चौथीच्या वर्गात एकदा येऊन बसावे, म्हणजे ते यंत्र शिक्षकाच्या आवाजाबरोबर पावसाचा, बाकांचा आणि साठ पायांचा आवाजही तितक्याच इमानाने वाढवून देते, हे ध्यानात येईल. शिवाय मुलाचा कान वाढतो तसा यंत्राचा कानात बसणारा साचा बदलावा लागतो, घड्याळजीकडे मिळतात तसल्या बारक्या बॅटऱ्या पुनःपुन्हा आणाव्या लागतात, आणि तालुक्याच्या शिबिरात मिळालेले यंत्र सहा महिन्यांत घरच्या कोनाड्यात जाते. अशा मुलाला खुणांची भाषा, म्हणजे भारतीय सांकेतिक भाषा, लहानपणीच आणि ती बोलणाऱ्या इतर मुलांच्या संगतीत मिळाली पाहिजे, व ती संगत गावात एकच बधिर मूल असलेल्या शाळेत मिळणे शक्य नाही. २०१६ च्या कायद्यानेही अंध व बधिर यांना त्यांच्या सर्वाधिक उचित भाषेत आणि माध्यमात शिक्षण द्यावे असे बजावले आहे. मेळघाटात, धारणी-चिखलदऱ्याकडे, ही अडचण दुप्पट होते. तेथे घरची भाषा कोरकू, शाळेची मराठी, आणि बधिर मुलाला या दोन्हींपैकी एकही नाही. म्हणून मूकबधिरांच्या निवासी शाळा समावेशनाच्या नावाखाली ओस पाडू नयेत. निदान प्राथमिक वर्षे तेथे घालवून, भाषा हाती आल्यावर, ते मूल दुभाष्यासह सर्वसाधारण शाळेत यावे. एकत्र बसविण्याच्या हट्टापायी मुलाला मुके ठेवणे याला समावेशन म्हणणे हा शब्दांचा गैरवापर आहे.

इमारतीचा विषय त्यामानाने सोपा असूनही त्यात आम्ही विलक्षण घोटाळे करून ठेवले आहेत. वऱ्हाडची काळी माती पावसात फुगते आणि उन्हात भेगाळते, म्हणून येथील शाळांचे जोते उंच ठेवण्याचा प्रघात आहे. उतरंडीला, म्हणजे ज्याला सारे ‘रॅम्प’ म्हणतात त्याला, एकास बाराचे प्रमाण सांगितलेले आहे; दोन फूट जोत्याला चोवीस फूट लांबीची उतरंड हवी. प्रत्यक्षात कंत्राटदार ती आठ-दहा फुटांत उरकतो, छायाचित्र दप्तरी लागते, आणि चाकाची खुर्ची त्या चढावरून वर नेण्यास दोन थोराड मुले लागतात. वर पोचल्यावर वर्गाचा उंबरठा आडवा येतो. फाटकापासून उतरंडीपर्यंतच्या काळ्या चिखलाचा तर विचारच कोणी केलेला नसतो, आणि त्यात रुतलेले चाक सोडविण्यापेक्षा मुलाला खांद्यावर घेणे बापाला सोपे वाटते. मूल दहा वर्षांचे होईस्तोवर हे चालते. पुढे ते जड होते, मुलगी असल्यास लाजू लागते, स्वच्छतागृहाची अडचण पडते, आणि एके दिवशी हजेरी तुटते. अपंग मुलींना ‘समग्र शिक्षा’ या शासकीय योजनेतून महिन्याला दोनशे रुपये, वर्षातून दहा महिने, असा प्रोत्साहन भत्ता आहे. तो हवाच, पण दाराला आतून लागणारी कडी आणि धरावयास एक दांडी असलेले स्वच्छतागृह त्या दोनशे रुपयांहून मुलीला अधिक दिवस शाळेत ठेवील असा माझा तर्क आहे.

याहून नाजूक प्रकरण न दिसणाऱ्या अपंगत्वांचे आहे. २०१६ च्या कायद्यातील एकवीस प्रकारांत सिकल सेलचा अंतर्भाव झाला ही विदर्भाच्या दृष्टीने फार महत्त्वाची घटना होती, कारण आमच्या आदिवासी आणि दलित वस्त्यांतून हा आनुवंशिक आजार पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेला आहे. त्यात रक्तातील तांबड्या पेशी गोल न राहता विळ्याच्या आकाराच्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात, आणि सांध्यांत व पोटात असह्य कळा येतात. मूल धडधाकट दिसते, आठवडाभर येते, मग चार-सहा दिवस गायब होते. ज्याला ठाऊक नाही तो शिक्षक त्यास कामचुकार ठरवितो. अशा मुलाला पाणी वारंवार पिऊ दिले पाहिजे, त्यामुळे वारंवार बाहेरही जाऊ दिले पाहिजे, उन्हात कवायतीला उभे करता कामा नये आणि बुडालेला अभ्यास कमीपणा न वाटू देता भरून दिला पाहिजे. ज्या अकोल्यात मे महिन्यात पारा पंचेचाळीस अंशांपलीकडे जातो आणि जेथल्या शाळा उन्हाच्या कारणानेच उर्वरित महाराष्ट्राहून उशिरा उघडतात, तेथे पाण्याच्या बाटलीवर वर्गात बंदी घालणारे गुरुजी असावेत हे दुर्दैव आहे. तीच गोष्ट अध्ययन अक्षमतेची. अक्षरे उलटसुलट दिसणारे, वाचताना ओळ हरवणारे मूल तोंडी प्रश्नांना चटपटीत उत्तरे देते, आणि म्हणूनच त्याच्या वहीवरून त्याला आळशी समजले जाते. ते ओळखण्याची पहिली संधी डॉक्टरला नसून वर्गशिक्षकाला असते. बोलणे आणि लिहिणे यांतील तफावत त्याच्याखेरीज रोज पाहतो कोण?

सवलत हवी तर अपंगत्वाचा दाखला हवा, आणि दाखला हवा तर अमरावतीकराने इर्विन रुग्णालयात व अकोलेकराने सर्वोपचार रुग्णालयात गेले पाहिजे. चाळीस टक्के ही कायद्याने आखलेली रेषा आहे. पस्तीस टक्के आले तर योजनांचे दार लागते, जरी वर्गातील अडचण पाच टक्क्यांनी कमी झालेली नसते. रोजंदारी बुडवून, पहिल्या एस.टी.ने येऊन, तपासणीचा वार चुकला म्हणून परत गेलेली माणसे मी पाहिली आहेत. माझे सहकारी शिक्षक दाखला येईपर्यंत काही करता येत नाही असे म्हणतात तेव्हा मी त्यांना एवढेच विचारतो, की मुलाला पुढच्या बाकावर बसविण्यास कोणत्या शल्यचिकित्सकाची सही लागते?

वर्गशिक्षकाला स्वतः एवढे करता येते म्हणून विशेष शिक्षकाची गरज कमी होते असे मात्र कोणी समजू नये. ब्रेल, सांकेतिक भाषा, बौद्धिक अक्षमता असलेल्या मुलासाठी एकेका कौशल्याची पायरी पाडून देणे, ही प्रशिक्षित माणसाची कामे आहेत. सर्वोच्च न्यायालयाने २८ ऑक्टोबर २०२१ रोजी रजनीश कुमार पांडेय यांच्या प्रकरणात प्राथमिक स्तरावर दहा अपंग विद्यार्थ्यांमागे एक आणि पुढील स्तरांवर पंधरांमागे एक विशेष शिक्षक असावा असे प्रमाण घालून दिले, आणि मार्च २०२५ मध्ये राज्यांना पदे अधिसूचित करण्यास पुन्हा फर्माविले. तोपर्यंत वर्षानुवर्षे हे काम कंत्राटी, फिरत्या शिक्षकांनी केले. त्यांच्यापैकी एखादा मोटारसायकलवरून पंधरा-वीस गावे फिरून महिन्यातून एकदा आमच्याकडे यायचा, आणि त्या तासाभरात मुलाला शिकवावे, पालकांस समजवावे की गटसाधन केंद्राने मागितलेले तक्ते भरावेत या विवंचनेत असायचा. बहुधा तक्तेच भरले जात.

राहता राहिला वझ्झरचा उल्लेख, आणि तो केल्याशिवाय अमरावती जिल्ह्यातील या विषयाचे लेखन अपुरे राहील. अचलपूर तालुक्यातील या गावी शंकरबाबा पापळकरांनी, ज्यांना २०२४ साली पद्मश्री मिळाली, रस्त्यांवर आणि स्थानकांवर टाकून दिलेल्या अपंग मुलांना वाढविले आणि बापाच्या रकान्यात स्वतःचे नाव दिले. त्यांची मानसकन्या माला पापळकर, जिला दृष्टी नाही, भिवापूरकर अंध विद्यालयात आणि पुढे अमरावतीच्या सर्वसाधारण महाविद्यालयांत शिकून राज्य लोकसेवा आयोगाची लिपिक-टंकलेखक पदाची परीक्षा उत्तीर्ण झाली, आणि महसूल खात्यातील नोकरीसाठी तिची निवड झाली. हे वृत्त आले तेव्हा आमच्या शिक्षकवर्गात पेढे वाटले गेले, ते योग्यच होते. पण शंकरबाबांची जुनी मागणी वेगळी आहे. बालगृहातील मुलाने अठराव्या वर्षी बाहेर पडावे असा कायदा आहे, आणि ज्याला स्वतःचे जेवण मागता येत नाही ते मूल अठराव्या वाढदिवशी प्रौढ होते कसे, असे ते वर्षानुवर्षे शासनाला विचारीत आले आहेत. शाळेचा कायदाही तेथेच थांबतो. मोफत शिक्षणाचा हक्क अपंग मुलाला सहा ते अठरा वर्षांपर्यंतच आहे. पुढे उच्च शिक्षणात पाच टक्के आणि सरकारी नोकरीत चार टक्के जागा राखीव आहेत, त्या ज्यांना परीक्षा देता येते त्यांच्यासाठी. ज्यांना ती कधीच देता येणार नाही अशा मुलांचे पालक दहावीनंतर शाळेचा दाखला न्यावयास येतात, दाखल-खारीज रजिस्टरवर अंगठा उमटवितात आणि दारात घुटमळून म्हणतात, “आता पुढं काय, सर?” आई-बाप धडधाकट आहेत तोवर त्या मुलाला घर आहे, त्यानंतरची तजवीज विचारली तर मला वझ्झरचेही नाव घेता येत नाही, कारण वझ्झर बेवारसांसाठी आहे आणि या मुलाला वारस आहेत.